उजवा कौल

बाय,

आज संध्याकाळपर्यंत तुझ्या वसंतकाकाला उत्तर द्यायचं आहे. सोमवारी गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं असं तिकडे त्यांनी ठरवून टाकलंय. गुरव देवापुढे उभा राहणार आणि बोलणार, या घरच्या मुलीने तुझी थट्टा केली, तिच्या बापाने तुझा कौल मोडला, त्याचं फळ त्यांना मिळालं, आता चूक पोटात घाल. त्याच्या प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणणार. त्यात माझा आवाज पाहिजे. मी म्हटलं नाही तर तुझ्या अस्थी खाडीत सोडायला गावातलं कोणी येणार नाही.

अस्थी इथेच आहेत, तुझ्या टेबलाच्या पायाशी, विमानात हातात न्यायच्या बॅगेत. उद्याचं विमान. तुझी आई आत कपाट रिकामं करतेय. मध्येच तिची खुडबुड बंद होते, म्हणजे तुझं काहीतरी हाताला लागलं असणार. मी उठत नाही. ती माझ्यासमोर रडत नाही. राग आहे तिचा अजून.

मी चौथी पास. एवढं मोठं कधी लिहिलेलं नाही. पण तुझ्याशी बोलायला दुसरा रस्ता तू ठेवला नाहीस.

नुसतं गावाचं म्हणणं असतं तर मी फोन आपटून मोकळा झालो असतो. पण वसंताच्या सुनेला सातवा लागलाय. पाय सुजलेत, रात्र रात्र बसून काढते म्हणतात. तालुक्याच्या डॉक्टरने तोंड वाकडं केलं. देव अजून शांत झालेला नाही, एकीवर भागलं नाही, आता पोटातल्या जिवावर नजर आहे, असं दबक्या आवाजात सगळे बोलतायत. तू असतीस तर हसली असतीस. नाही, सुनेचे पाय बघून तूही हसली नसतीस.

तुझ्या त्या विषयापासून हे सगळं सुरू झालं, असं तुझी आई म्हणते. मला तेही पटत नाही, पण सुरुवात तिथूनच करतो.

दहावीची परीक्षा झाली आणि तुझ्या इंग्रजी शाळेत पुढची दोन वर्षं लागली, त्याला तुम्ही सिक्स्थ फॉर्म म्हणायचात. आई त्याच शाळेत लहान मुलांना सांभाळायला होती म्हणून तुझा प्रवेश टिकला, नाहीतर रुवैसच्या रिफायनरीतल्या माझ्यासारख्या फोरमनला ती शाळा बाहेरूनच बघावी लागली असती. मी गुरुवारी कंपनीच्या बसने अबुधाबीला, तिथून टॅक्सीने शारजाला पोचलो, बूटसुद्धा काढले नव्हते, आणि तू म्हणालीस, "बाबा, मी रिलिजन, फिलॉसॉफी अँड एथिक्स घेतलंय."

"हे काय असतं?"

"धर्म, आणि बरोबर काय, चूक काय, ते."

"बरोबर काय ते शाळेत शिकतात? ते घरात शिकतात."

"घरात तुम्ही फक्त शुक्रवारी असता, बाबा."

आई हसली. मला राग आला होता, पण हसूही आलं होतं, ते मी मिशीत दाबलं. कॅम्पात कोणी विचारलं तर मी सांगायचो, मुलगी कॉमर्सला आहे. एकदा ते तुझ्यासमोरच बोललो. तू गालातल्या गालात हसत म्हणालीस, "यू लाइड, बाबा." मी म्हटलं, याला खोटं म्हणत नाहीत, याला आब राखणं म्हणतात. त्यावर तू दोन शुक्रवार वाद घातलास.

आपल्या घरात कौलाशिवाय पान हललं नाही, हे तुला ठाऊक होतं. मी गल्फला यायचं की नाही, कौल. आईला इकडे आणायचं, कौल. रुवैसची नोकरी धरायची, कौल. मी इथून फोन करायचो, वसंता गुरवाला घेऊन देवळात जायचा. गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओले कळे चिकटवायचा, प्रश्न बोलायचा आणि सगळे श्वास धरून उभे राहायचे. उजवा कळा पडला तर देवाची परवानगी. डावा पडला तर नको. मग वसंताचा फोन यायचा. इथे बाकीच्यांना कंपनी सांगायची, मला देव सांगायचा. त्याचा मला अभिमान होता. अजून आहे.

तू ते सगळं ऐकून घेतलंस. शुक्रवारी दुपारी आपण जेवत होतो, सुरमई होती, आणि बाहेर वारा सुटला होता, वाळूने आपल्या अल मजाज भागातल्या समोरच्या बिल्डिंगा दिसेनाशा झाल्या होत्या. तू विचारलंस, "बाबा, तुमच्या साइटवर परांचीला टॅग लावतात ना?"

"लावतात म्हणजे? मीच लावतो. हिरवा टॅग म्हणजे चढा. लाल म्हणजे पाय ठेवायचा नाही. मॅनेजर असला तरी."

"मग परांची मजबूत असते म्हणून तुम्ही हिरवा लावता, की तुम्ही हिरवा लावता म्हणून ती मजबूत होते?"

"हा काय प्रश्न झाला? टॅगने परांची उभी राहते काय? मी आधी बघतो. क्लँप बघतो, फळ्या बघतो. मग टॅग."

"ओके. मग देव उजवा कौल देतो, तेव्हा तो पण आधी बघतो का? कशाकडे बघतो?"

 आई म्हणाली, "गप जेव गं, देवाची परीक्षा घेऊ नये." तू म्हणालीस, "मी देवाची नाही, बाबांची घेतेय." मी काय उत्तर दिलं आठवतं? "जेव." एवढंच म्हणालो. अजून माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. रुवैसला परत जाताना बसमध्ये तोच प्रश्न डोक्यात होता. अंधारात रिफायनरीच्या ज्वाळा लांबून दिसायला लागल्या, त्या रोजच्याच, पण त्या दिवशी मला त्या बघवेनात.

मग तू ती गोष्ट केलीस. शाळेत तुम्हाला निबंध होता, देवाने आज्ञा केली म्हणून एखादी चुकीची गोष्ट बरोबर होते का. बाकीच्या पोरींनी पुस्तकं वाचली. तू मला न विचारता वसंतकाकाला फोन लावलास आणि म्हणालीस, काका, माझ्यासाठी एक कौल लावा, देवाला विचारा, बाबांनी माझ्याशी खोटं बोलावं का.

वसंता पुतणीवर जीव टाकणारा. हसला आणि गेला देवळात. गुरवही हसला म्हणे. तिसरं कोणी असतं तर अडवलं असतं.

पुढच्या शुक्रवारी त्याचा फोन आला. तू फोन स्पीकरवर टाकलास. "बाय, देवान उजवो कौल दिल्यान. सरळ पडलो, मागेपुढे बघूक नाय."

तू टाळ्या वाजवल्यास. "बाबा! तुम्हाला परमिशन मिळाली! आता बोला खोटं! यल्ला, चला, एनिथिंग!"

आई म्हणाली, "शिव शिव."  माझ्या आयुष्यात देवाने मला बऱ्याच गोष्टींची परवानगी दिली होती, पण ही कशासाठी दिली, ते कळेना. माणूस परवानगी देतो ती पुढे काहीतरी काम असतं म्हणून देतो. देव उगाच कशाला देईल?  तुला म्हटलं, "असल्या गोष्टी पुन्हा करायच्या नाहीत."

"का? तुम्ही मानता ना कौल?"

"मानतो."

"मग खोटं बोला ना."

"नाही बोलणार."

"म्हणजे तुम्ही देवापेक्षा स्वतःचं ऐकता. थँक यू, बाबा. माझा निबंध झाला." आणि तू हसत आत गेलीस. निबंधाला चांगले मार्क पडले. तुझ्या मिसने आईला कॉरिडॉरमध्ये थांबवून सांगितलं, तुमची मुलगी विचार करते. आईने मला ते रडक्या आवाजात सांगितलं, जसं काही आजाराचं नाव सांगावं.

मग तुझ्या पायांवर निळे डाग दिसायला लागले. तू म्हणायचीस बाकाला आपटलं. बाक एवढं रोज आपटतं का गं? मग ताप. मग ब्रश करताना रक्त. मी रुवैसहून आलो की आधी तुझे पाय बघायचो, तू ओढून घ्यायचीस. तपासणी झाली, आजाराचं नाव कळलं, औषधं चालू झाली, केस गेले. हे सगळं तुला माहीत आहे, ते परत लिहीत नाही. औषधांनी गुण येईल असं तेव्हा सगळेच म्हणत होते, आणि ते खोटं नव्हतं.

खोट्याची वेळ नंतर आली. डॉक्टरने मला आणि आईला केबिनमध्ये बोलावलं. शांत माणूस होता, हिंदी बोलायचा. म्हणाला, अब दवा काम नहीं कर रही. घेऊन जा घरी, आराम द्या. आणि म्हणाला, बच्ची को मत बताना, हिम्मत टूट जाएगी. आईने तिथेच माझा हात धरला. "ऐकलं ना? शब्द द्या मला. तिला सांगायचं नाही." मी शब्द दिला नाही. नाहीही म्हटलं नाही. बाहेर आल्यावर वसंताला फोन केला, तर तो पलीकडे रडायलाच लागला. "दादा, म्हणान देवान तो कौल दिल्यान! तेका आधीच म्हायत होता. तुका परवानगी देवन ठेवल्यान. आता तू खोटा बोल, बाबा, देवाच्या नावान बोल."

बघ, बाय. देव, डॉक्टर, तुझी आई, माझा भाऊ, सगळे एका बाजूला. असं याआधी कधी झालं नव्हतं.  वाटलं, हेच ते काम, ज्यासाठी परवानगी आली होती. मी वॉर्डकडे चालत निघालो तेव्हा माझं ठरलं होतं. सांगणार होतो, डॉक्टर म्हणतो, नवीन औषध येतंय, इन्शाल्ला बरी होशील. वाक्य पाठ केलं होतं.

तू उशीला टेकून बसली होतीस. माझ्याकडे बघितलंस, आणि डॉक्टर काय म्हणाला, असं विचारलं नाहीस. तसं विचारलं असतंस तर मी बोललो असतो ते पाठ केलेलं. तू म्हणालीस, "बाबा, टॅग कुठला?"

मी आयुष्यभर लोखंडावर चढलो आणि माणसं चढवली. कंत्राटदार डोक्यावर उभा राहून ओरडला तरी मी सैल परांचीला हिरवा टॅग लावला नाही. साहेब म्हणाला होता, घरी पाठवीन, तरी लावला नाही. आणि तू मला तोच प्रश्न विचारलास.

मी म्हटलं, "लाल."

तू खिडकीकडे बघितलंस. मग म्हणालीस, "ओके." मग म्हणालीस, "आईला रागावू देऊ नका तुमच्यावर." ते मात्र माझ्या हातात नव्हतं.

गावात सांगतात, बापाने सांगितलं आणि पोरीने हाय खाल्ली, नाहीतर राहिली असती. मी हे कोणाकडून ऐकून घेणार नाही. हाय खाल्लेलं माणूस दुसऱ्या दिवशी कोलंबी मागतं का? कोलंबी खाल्लीस आणि मीठ कमी म्हणून आईशी भांडलीस. मैत्रिणींना बोलावलंस. त्या पाकिस्तानी पोरीशी, तुझ्याच वर्गातली ती, मेल्यावर काय होतं यावर एवढ्या जोरात वाद घातलास की नर्सने दार लावलं. आणि मला जवळ बसवून सांगितलंस, "बाबा, मला कार्गोने पाठवू नका."

इथे मेलेलं माणूस पेटीत घालून, सामानाबरोबर विमानाच्या पोटात घरी पाठवतात, हे तू लहानपणापासून बघितलं होतंस. आपल्याच बिल्डिंगमधल्या एका काकांना तसं पाठवलेलं. "पेटी नको. दुबईला जे काय ते करा. मग तुमच्या मांडीवर घेऊन जा मला, खिडकीची सीट."

सांगितलं नसतं तर हे तू बोलली असतीस का? तू बरी होणार म्हणून आम्ही हसत बसलो असतो आणि शेवटी तुला पेटीत घालून खिळे मारले असते, कारण रिवाज तो आहे. मुलीला परक्या मुलखात जाळलं, गावाला तोंडही दाखवलं नाही, हेही आता माझ्याच नावावर आहे. असू दे. खिडकीची सीट घेतली आहे.

आता जे कोणाला सांगितलेलं नाही ते. वसंताला नाही, आईलाही नाही.

शेवटच्या सकाळी आई चहा आणायला खाली गेली होती. तुझा आवाज अगदी बारीक झाला होता, मला ओठांशी कान न्यावा लागला. तू विचारलंस, "बाबा, तुम्ही घाबरलात?"

मी म्हटलं, "छे. मी कशाला घाबरतोय?"

तुझे डोळे मिटलेलेच होते. पण ओठ हलले, तो निबंधाच्या वेळचा खोडकरपणा आला त्यावर. म्हणालीस, "उजवा कौल, बाबा."

त्यानंतर तू बोलली नाहीस.

तेव्हापासून मी याच्यातच अडकलोय. म्हणजे मी कौल मोडला की पाळला? देवाने परवानगी दिली ती त्या मोठ्या खोट्यासाठी नव्हतीच, या एवढ्याशा खोट्यासाठी होती? त्याने सांगितलं म्हणून मी बोललो, की मी बोलणार हे त्याला आधी दिसलं म्हणून त्याने सांगितलं? हा तुझाच प्रश्न, त्या सुरमईच्या दिवसाचा. उत्तर द्यायला तू नाहीस, आणि देव तर कळे पाडतो, बोलत नाही. मी देव सोडलेला नाही, हे तुला सांगून ठेवतो. तुझ्या पुस्तकांनी मला तेवढं हलवलं नाही. पण आता मी त्याच्यापुढे मान वर करून उभा राहणार, आणि ते मी तुझ्याकडून शिकलो असं म्हणवत नाही, म्हणून म्हणत नाही.

वसंताला हे सांगितलं असतं तर गाऱ्हाण्याची गरजच राहिली नसती. बाप खोटं बोलला, कौल पाळला गेला, देव राजी, गाव राजी. सोपं आहे. पण ते वाक्य तू माझ्या कानात बोललीस. ते देवळात सगळ्यांसमोर वाटायला मी देणार नाही.

इथवर लिहिलं आणि फोन वाजला. दुपारनंतरची अस्रची बांग चालू होती, ती संपेपर्यंत मी उचलला नाही. आई दाराशी येऊन उभी राहिली, तुझा एक कुडता हातात घेऊन.

वसंता म्हणाला, "दादा, गुरवाक काय सांगू?"

मी म्हटलं, "मी येतंय. गाऱ्हाण्याक उभो रवतंय."

"देव पावलो रे! चूक झाली म्हणशीत ना?"

"सुनेसाठी जा काय गुरव बोलात, तेका मी व्हय म्हाराजा म्हणान. सगळ्यात मोठ्यान म्हणान. पण बायचा नाव घेवन चूक झाली म्हणात, त्या ओळीक मी तोंड उघडूचंय नाय."

"दादा, हट सोड रे. त्या ओळीसाठीच तर गाऱ्हाणा."

"तिना विचारल्यान, मी सांगलंय. तेच्यात चूक नाय."

त्याच्या मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज आला आणि सून कण्हली. मग तो हळू म्हणाला, "हिका काय झाला तर? तुका भिती वाटणा नाय?"

"वाटता," मी म्हटलं. "रे वसंता, माका लय भिती वाटता.  तरी नाय."

त्याने फोन ठेवला. रागाने ठेवला की रडत, ते कळलं नाही. आई दारातून माझ्याकडे बघत होती. मी घाबरलोय हे तिने माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. ती कुडता घडी करायला लागली, उलगडला, परत घडी केली.

तर सोमवारी मी पुढच्या ओळीत उभा राहणार. तुझ्यावर येईल तेव्हा तेवढ्या माणसांत एक आवाज कमी पडेल, आणि तो कोणाचा ते देवाला कळेल. त्यानंतर सुनेचं काय होणार, मला माहीत नाही. ती सुटेपर्यंत गावात माझ्याशी कोणी धड बोलणार नाही आणि मीही रात्री झोपणार नाही.

अस्थींना गाव येणार नाही हे आता नक्की. नाही तर नाही. सकाळची भरती बघून होडी मीच काढीन. एवढी वर्षं वाळवंटात गेली तरी वल्हं मारायचं विसरलेलो नाही. तुला मांडीवर कोणी घ्यायचं, एवढाच प्रश्न आहे, कारण माझे दोन्ही हात अडकलेले असणार. आईला अजून विचारलेलं नाही. कुडता ठेवून झाला की विचारतो.